तळहातावरची सम

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इथे सगळं ठीक आहे. खरं तर फोनवरच बोलायचं होतं, दोनदा लावलाही. पण बाबा, तुम्ही "बरं, बरं, ठीक" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. इतके दिवस मला वाटायचं, दमला असाल. आता कळलंय, म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं तुम्ही नीट वाचता, हातात पेन्सिल घेऊन वाचता.

आधी काय ठरवलंय ते सांगते. तुमच्या दोन्ही कानांची श्रवणयंत्रं मी घेतली आहेत, पैसेही भरून झाले. मंगळवारी अकराची वेळ आहे, दादा गाडी घेऊन दहाला येईल. रागवा, पण जा.

न विचारता केलं हे मलाही बरं वाटत नाही. तुम्हाला न विचारता मी आजवर एकच गोष्ट केली होती, ती कुठली ते आपल्या तिघांना ठाऊक आहे, आणि पुढे तुम्हालाच ती सगळ्यात जास्त पटली. या वेळी विचारत बसले असते तर तुम्ही "वयोमान आहे, चालायचंच" म्हणाला असता. दिवाळीत तपासणी करून आणलेला तो कागद तुम्ही टेबलाच्या खणात वीजबिलांच्या खाली ठेवलात, तो मी पाहिला. पैशांची काळजी अजिबात नको. माझ्याकडे होते, कुणाकडून घेतलेले नाहीत, मुलांच्या फीला हात लावलेला नाही.

दिवाळीतल्या नाटकाबद्दलही लिहायलाच हवं. तुमच्या शेजारी मी बसले होते. विनोद झाला की लोक हसायचे आणि तुम्ही अर्ध्या मात्रेनं मागून हसायचात. आधी मला वाटलं, तुमचं लक्ष दुसरीकडे आहे. मग पाहिलं, तुम्ही रंगमंचाकडे कमी आणि आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे जास्त बघत होता. मध्यंतरात तुम्ही पाठ दुखते म्हणालात आणि आपण घरी निघालो. रिक्षात तुम्ही तीनदा विचारलंत, "काय म्हणालीस?" तिसऱ्यांदा मी म्हणाले, "काही नाही, जाऊ दे." तुम्ही बाहेर बघत राहिलात. ते "जाऊ दे" मला बेंगळुरूला परत आल्यापासून झोपू देत नाही, बाबा. मला माफ करा.

तुम्ही मला असं "जाऊ दे" कधी म्हणाला नव्हतात, त्याच नाट्यगृहात मी लहान असतानाही नाही.

मी तिसरीत होते. वाईहून दुपारची एसटी, स्वारगेटला उतरून मावशीकडे शनिवार पेठेत चहा, आणि तिथून चालत बालगंधर्व रंगमंदिर. आईनं हिरवं इरकल नेसलं होतं आणि माझ्या दोन वेण्यांना वाटून पुरेल एवढा गजरा घेतला होता. तोवर मी नाटक म्हणजे गणपतीतलं पाहिलेलं, सतरंजीवर बसून. इथे आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसली ती चित्रकार देऊसकरांनी काढलेली दोन चित्रं. मी विचारलं, या बाई कोण आणि हे बाबा कोण? तुम्ही म्हणालात, "दोन्ही एकच. बालगंधर्व." मी आईकडे बघितलं, ती म्हणाली खरं आहे, तेव्हा कुठे विश्वास बसला.

मग तिसरी घंटा. दिवे हळूहळू गेले, आणि ऑर्गनचा सूर आधी खुर्चीच्या लाकडातून आला, मग कानात. वाजवणाऱ्यांचे पाय आपल्या जागेवरून दिसत होते, आईच्या शिवणयंत्रावरच्या पायांसारखे खालीवर होणारे. पडदा उघडला आणि मी आईचा पदर धरला. एवढी उंच हवेली, एवढा उजेड, आणि माणसं आमच्याकडे बघत गात होती!

"कट्यार काळजात घुसली" आठ वर्षांच्या मुलीला काय कळणार, असं मावशी म्हणालीच होती. मला कळलं ते एवढंच की गवई खाँसाहेबांकडे एक कट्यार आहे, तिला एक खून माफ आहे, आणि तो कुणाचा होईल याची भीती वाटत राहते. बाकी सगळं तुम्ही माझ्या कानात सांगत होता. प्रतिस्पर्धी पंडितजींच्या घरची चाल कशी संथ, आणि तेच पद खाँसाहेबांच्या गळ्यात कसं धावतं. "शब्द तेच आहेत, ऐक, चाल बघ कुठे गेली." एकाच पदाला संगीतकार अभिषेकीबुवांनी दोन घराण्यांच्या दोन चाली लावल्या, हे मला फार पुढे समजलं. त्या रात्री फक्त एवढं जाणवलं की तेच शब्द दुसऱ्यांदा आले तेव्हा अंगावर काटा आला, पहिल्यांदा नाही. (अजूनही मला ती दुसरी चालच आवडते. तुम्हाला पहिली. असू दे.)

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिलं, तेव्हा तुम्ही बोलणं थांबवलंत. पण मला सोडून दिलं नाहीत. माझा हात घेतलात, तळहातावर बोटानं ठेका धरलात, आणि सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, आली की अंगठा दाबलात. तीन-चार आवर्तनांनंतर अंगठा येण्याआधीच मला कळायला लागलं, आता येणार. गाणं ऐकायचं कसं ते मी तिथे शिकले. नाटकातला तरुण सदाशिव चाकर म्हणून राहून, आडून ऐकत खाँसाहेबांचं गाणं उचलतो, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "बघ, ऐकूनसुद्धा शिकता येतं."

आणि आता तुम्हालाच ऐकू येऊ नये, हे मला सोसत नाही.

तपासणी करणाऱ्या बाईंना मी फोन करून सगळं विचारून घेतलं. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. अ, आ असे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. स, श, फ, थ अशी बारीक व्यंजनं गळतात. म्हणून तुम्हाला आवाज येतो आणि शब्द कळत नाही. म्हणून तबला येतो आणि पद येत नाही. तुमचं लक्ष नसतं असं नाही, बाबा, आणि आमचं बोलणंही पुटपुटणं नसतं. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, पण ज्या आहेत त्यांच्यापर्यंत आवाज नेता येतो. चाळिशी लागली तेव्हा तुम्ही त्याच आठवड्यात चष्मा केला होता. हेही तेवढंच आहे.

यंत्र लहान आहे, कानामागे बसतं, केसांत दिसणारही नाही. सेल बदलायची कटकट नाही. रात्री डबीत ठेवायचं, सकाळपर्यंत चार्ज होतं. डबी देवघराशेजारच्या फळीवर ठेवा, तिथे प्लग आहे. चहा, पेपर, दुपारची झोप, सगळं आहे तसंच राहील. झोपताना काढायचं.

पहिले काही दिवस त्रास होईल, हे आधीच सांगते. भांडी आदळल्यासारखी वाटतील, पेपरची घडी कर्कश वाटेल, स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटेल. सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला घरातच, शांत खोलीत, थोडा थोडा वेळ घाला. लगेच नाट्यगृहात जाऊन "काही उपयोग नाही" असं ठरवायचं नाही. काय खुपतं ते वहीत लिहून ठेवा, त्या बाई पुन्हा जुळवून देतील. आणि कपाटात ठेवायचं नाही. दादाच्या मुंजीच्या सोवळ्यासारखं जपून तर मुळीच ठेवायचं नाही!

आई, तुझ्यासाठी वेगळं. दूधवाला काय म्हणाला, बँकेत काय म्हणाले, सगळं तू दोनदा सांगतेस, आणि फोनवर तुझा घसा बसलेला ऐकू येतो. एकदाही तक्रार केली नाहीस. मला आधी सांगायचं होतंस गं. आता स्वयंपाकघरातून हाक मारू नकोस, समोर येऊन बोल, त्यांना तुझा चेहरा दिसू दे. आणि बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आठवेल तेव्हा नाही.

मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येते आहे, दहा दिवस. नाटक कुठलं ते बाबा, तुम्ही ठरवा. पेपरातल्या जाहिराती बघून खूण करून ठेवा, तिकिटं मी काढते. संगीत नाटक मिळालं तर उत्तमच. आईला मधली खुर्ची नको, मला हवी. एखादा शब्द सुटला तर मी कानात सांगेन, आणि पुढच्यानं वळून पाहिलं तर तुमचा हात माझ्याकडे द्या.

तुमची,
मनी

ता. क. आंघोळीआधी यंत्र आठवणीनं काढायचं. रविवारी आई डोक्याला तेल लावते तेव्हासुद्धा.