जंगलातल्या रिसॉर्टवाल्यांनो, पाचोळा राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या पुरवणीत जंगलातल्या रिसॉर्टच्या जाहिराती सुरू होतात, काजवे बघा, पक्षी बघा, आणि फोटोत काय तर लख्ख झाडलेलं अंगण नि झाडाझाडाला गुंडाळलेल्या लाईटच्या माळा. अशा ठिकाणी काजवे टिकणार कसे?

काजवा आयुष्यातला बहुतेक काळ अळी असतो. ओलसर जमिनीत, पाचोळ्याखाली, गोगलगायी नि गांडुळं खाऊन वाढतो, कित्येक जातींत हे १ ते २ वर्षं चालतं आणि पंख फुटल्यावर चमकायला मिळतात ते जेमतेम काही आठवडे. आणि इथे रोज सकाळी खराट्याने सगळा पाचोळा गोळा करून कोपऱ्यात पेटवून देतात, त्यात पुढच्या वर्षीचे काजवे जळून जातात. झाडणाऱ्याचा दोष नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो, सांगणाऱ्याला कळायला हवं. त्यातून वाचलेच तर रात्री फ्लडलाईट आहेच. बऱ्याच जातींत नर चमकत उडतो आणि मादी झुडपावर बसून चमकूनच उत्तर देते, एवढ्या उजेडात दोघं एकमेकांना दिसतच नाहीत मग पुढची पिढी कुठून येणार. लाईट हवेतच तर पिवळे मंद लावा, वरून झाकलेले, फक्त पायवाटेपुरते, आणि पाहुणे झोपले की बंद करा. वीजही वाचेल.

दुसरं म्हणजे वाळलेली झाडं. कॉटेजवर झुकलेलं असेल तर तोडाच, त्यात वाद नाही, पण आत उभं आहे त्याने काय बिघडवलंय? सुतारपक्षी असल्याच मऊ पडलेल्या लाकडात ढोली कोरतो, तो निघून गेला की पिंगळा नाहीतर मैना त्यात संसार थाटते कारण त्यांना स्वतःला ढोली कोरता येत नाही. धनेशाची मादी तर जुन्या मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर बाहेरून तिला नि पिल्लांना फळं भरवत राहतो. अशा वेळी ते झाड पाडलं तर अख्खं घरटं गेलं हो.

उंदरांसाठी विष ठेवतात तेही थांबवा, ते खाऊन सुस्त झालेला उंदीर घुबड सहज उचलतं आणि विष त्याच्याही पोटात जातं. त्यापेक्षा पिंजरे लावा, खरकटं झाकून ठेवा, उंदीर आपोआप कमी होतात.

पाहुण्यांनाही विनंती आहे, बुकिंग करताना पूल आहे का विचारता तसं रात्री बाहेरचे लाईट बंद करता का, हेही विचारत जा. आणि संपादक साहेब, पुरवणीत रिसॉर्टची माहिती देताना जेवण, खोल्या, रस्ता ह्यांच्यासोबत ह्या गोष्टींचीही एक ओळ छापाल का?

आपला,
एक नियमित वाचक