मिनिमम ड्यू भरलं म्हणजे बिल भरलं असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या भाचीला नोकरी लागून काही महिने झाले आणि तिला पहिलं क्रेडिट कार्ड मिळालं. मागच्या आठवड्यात पहिलं बिल आलं तेव्हा ती मोबाईल घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, इथे दोन आकडे दिसतायत, एक टोटल ड्यू आणि एक मिनिमम ड्यू, यातला छोटा भरला तरी चालतो ना?" तिचा प्रश्न ऐकून मला एकदम दहा वर्षांपूर्वीचे आमचे दिवस आठवले, कारण अगदी हाच प्रश्न तेव्हा मला पडला होता आणि मी कुणाला विचारलाच नव्हता. म्हणून हे पत्र लिहितोय. जागा मिळाली तर जरूर छापा, कारण पहिलं कार्ड हातात पडलेली अशी कितीतरी मुलं-मुली आज घरोघरी आहेत.

आधी आमचं काय झालं ते सांगतो. एक नोकरी सुटली आणि दुसरी लागेपर्यंत मध्ये जवळजवळ अडीच महिने गेले. घरखर्च थांबत नाही, तो सगळा कार्डावर गेला. बिल आलं तेव्हा पूर्ण भरायला पैसे नव्हते, मग मिनिमम भरलं. बँकेचा मेसेज आला, पेमेंट मिळालं, धन्यवाद. मला वाटलं झालं, सुटलो. दंड नाही, फोन नाही, कुणी दारात नाही. पुढच्या महिन्यात तेच केलं. नंतर नवीन नोकरीचा पगार सुरू झाला तरी तीच सवय राहिली, कारण छोटा आकडा भरला की हातात पैसे शिल्लक राहायचे आणि कार्डही चालू असायचं. असं करत करत चौदा महिने गेले.

हे लक्षात आलं ते माझ्या बायकोच्या. एका रात्री तिने सहज विचारलं, "अहो, आपण दर महिन्याला भरतोय, मग हा आकडा कमी का होत नाहीये?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग सगळी स्टेटमेंटं प्रिंट करून आणली आणि जमिनीवर ओळीने मांडून बसलो, तिच्या हातात पेन्सिल आणि माझ्याकडे कॅल्क्युलेटर. तिने प्रत्येक कागदावर व्याजाच्या ओळीला खूण केली आणि वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने केले, एकात आपण भरलेले, दुसऱ्यात त्यातलं व्याज. दोन्ही रकान्यांची बेरीज झाल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललोच नाही. भरलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त नुसत्या व्याजात गेले होते. ती वही अजून जपून ठेवलीय.

भाचीला मी हाच हिशोब करून दाखवला, तो इथेही मांडतो. समजा एक लाखाची थकबाकी आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, आणि मिनिमम म्हणजे थकबाकीच्या पाच टक्के. बऱ्याच कार्डांचे आकडे साधारण याच्याच आसपास असतात. पहिल्या महिन्यात साडेतीन हजार व्याज लागलं, थकबाकी झाली १,०३,५००, त्याचे पाच टक्के म्हणजे ५,१७५ भरले. राहिले ९८,३२५. म्हणजे पाच हजारांवर भरूनसुद्धा कर्ज उतरलं फक्त १,६७५ ने. असंच वर्षभर चालू ठेवलं, कार्डावर एक पैशाची नवीन खरेदी केली नाही, तरी वर्षाच्या शेवटी साधारण ८१,६५० शिल्लक राहतात आणि तोपर्यंत खिशातून गेलेले असतात जवळजवळ ५६,७००. कर्ज निम्म्यावर यायला ४१ महिने लागतात. यात व्याजावरचा कर आणि इतर चार्जेस धरलेलेच नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे जी मला तेव्हा कुणी सांगितली नव्हती. कार्डावर बिनव्याजी मुदत मिळते, खरेदी केल्यापासून कमीत कमी वीसेक दिवस आणि जास्तीत जास्त पन्नासेक दिवस, ती मिळते फक्त मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तर. थोडी जरी बाकी पुढे ढकलली की बहुतेक कार्डांवर ही मुदत जाते आणि नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढायला लागतं. बिलातले नव्वद टक्के भरले आणि दहाच टक्के राहिले तरी बऱ्याच ठिकाणी व्याज त्या दहा टक्क्यांवरच नाही तर पूर्ण रकमेवर, खरेदीच्या तारखेपासून पैसे भरल्याच्या तारखेपर्यंत लावतात. मी मिनिमम भरून वर निवांत खरेदी करत होतो, ती प्रत्येक खरेदी व्याजाने घेतलेली होती.

यातून बाहेर कसे आलो तर एक मुदत ठेव मोडली. जिवावर आलं होतं, ती अडीअडचणीसाठी ठेवलेली. पण बायकोचं म्हणणं बरोबर होतं, ठेवीवर वर्षाला जेवढं व्याज मिळतं तेवढं इथे दोन महिन्यांत जातंय, मग ठेव सांभाळून आपण नक्की काय सांभाळतोय? सगळी थकबाकी एकदम भरली. पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट उघडलं तर परत थोडं व्याज! मी चिडून कस्टमर केअरला फोन केला, वीस मिनिटं लाईनवर थांबलो, तेव्हा कळलं की स्टेटमेंट निघाल्याच्या तारखेपासून आपण पैसे भरले त्या तारखेपर्यंतचं व्याज मागाहून लागतं. ते भरलं तेव्हा कुठे खातं शून्यावर आलं. कुणी थकबाकी फेडत असेल तर एवढं लक्षात ठेवा, पूर्ण भरल्यावर पुढची एक-दोन स्टेटमेंटं उघडून बघा, नाहीतर ती छोटी रक्कम राहून जाते आणि त्यावर लेट फी लागते.

आता कुणी म्हणेल की मग कार्डच नको, कापून टाका. मला तसं वाटत नाही. आम्ही आजही कार्ड वापरतो, रोज वापरतो, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही व्याज भरलेलं नाही. कार्डाची सोय खरी आहे, फसवणूक झाली तर पैसे आपल्या खात्यातून आधीच गेलेले नसतात, वाद घालायला वेळ मिळतो. शिवाय वेळेवर भरलेल्या बिलांचा रेकॉर्ड पुढे घराचं कर्ज घेताना कामाला येतो. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं कार्ड निघालं तेव्हा महिन्याच्या शेवटी सगळं बिल चुकतं करायचं अशीच पद्धत होती. बाकी पुढे ढकलत न्यायची सोय, जिला रिव्हॉल्व्हिंग म्हणतात, ती त्यानंतर आली, १९५८ च्या बँकअमेरिकार्डाने ती पसरली आणि तेच कार्ड पुढे व्हिसा झालं. आम्ही घरी ठरवलंय की कार्ड त्या १९५० च्या पद्धतीनेच वापरायचं.

ते कसं, तर ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला बिल खात्यातून आपोआप भरायची सोय, लावताना टोटल अमाउंट निवडा. हे मी मुद्दाम सांगतो कारण बऱ्याच अॅपमध्ये मिनिमम आणि टोटल असे दोन पर्याय येतात आणि घाईत मिनिमम निवडलं जातं, मग माणसाला वाटतं की माझं तर ऑटोपे आहे, मला काय काळजी. भाचीचंही तसंच झालेलं निघालं! तिच्यासमोर बसून बदललं.

दुसरं म्हणजे आमची वही. कार्डावर खर्च केला की त्याच रात्री वहीत तारीख, कशासाठी आणि किती हे लिहायचं आणि तेवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकून द्यायची. सुरुवातीला कंटाळा यायचा, पण याने एक गोष्ट झाली, पैसे खर्च झाल्यासारखे वाटायला लागले. कार्डाने ते वाटतच नाही. अमेरिकेत एमआयटीच्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी यावर एक प्रयोग केला होता, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागवली, काहींना सांगितलं रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्डाने द्यायचे. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट आली. तिकीट तेच, मॅच तीच. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या त्या चौदा महिन्यांतल्या कितीतरी खरेद्या आठवल्या ज्या रोख मोजून द्यायच्या असत्या तर मी दुकानातून परत आलो असतो.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. कितीही अडचण असली तरी. त्यावर बिनव्याजी मुदत नसते, काढल्या क्षणापासून व्याज सुरू आणि वर वेगळी फी. नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिलेले हप्ते, बघताना रोख घेतलं असतं तर किती डिस्काउंट होता आणि प्रोसेसिंग फी किती हे आधी विचारा, व्याज बहुतेक वेळा तिथेच असतं. परदेशात मशीनवर आपल्या चलनात पैसे घेऊ का असं विचारतात, तिथे नाही म्हणून त्या देशाचं चलन निवडा, कारण दुकानदाराच्या मशीनचा दर जवळपास नेहमीच महाग असतो. रिवॉर्ड पॉईंटबद्दल लोक खूप बोलतात. पॉईंट चांगलेच, मिळाले तर घ्या, पण ते खर्चाच्या एखाद-दोन टक्के असतात आणि व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, त्यामुळे एका महिन्याचं व्याज लागलं की त्या खरेदीचे पॉईंट गेले.

लिमिट वाढवून देतो म्हणून फोन येतात. लिमिट म्हणजे आपली कमाई नाही हे मला उशिरा समजलं. पण वाढवून घेणं नेहमी वाईटच असंही नाही, खर्च तेवढाच ठेवला तर लिमिटच्या किती टक्के वापरलं तो आकडा खाली येतो आणि क्रेडिट स्कोअरला मदत होते, तीस टक्क्यांच्या आत ठेवा असं साधारण सांगतात. ज्याचा हात मोकळा सुटतो त्याने मात्र नाहीच म्हणावं. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, तेव्हा नाही म्हणायचा हक्क आपल्याकडे आहे.

आता संपादक साहेब, माझी खरी तक्रार. नुसतं मिनिमम भरलं तर परतफेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबते आणि चक्रवाढ व्याज लागतं असा इशारा आपल्याकडे स्टेटमेंटवर छापावा लागतो, छापतातही. पण तो कुठे असतो? आमच्या त्या चौदा स्टेटमेंटांवर तो होता, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, आणि मी एकदाही वाचला नव्हता. मिनिमम ड्यूचा आकडा मात्र पहिल्या पानावर ठळक. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने बँकांना त्या ग्राहकाच्या स्वतःच्या थकबाकीचा हिशोब छापायला लावला, की नुसतं मिनिमम भरत राहिलात तर एवढी वर्षं लागतील आणि एकूण एवढे पैसे जातील, आणि तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला एवढे भरा. ब्रिटनमध्ये २०१८ पासून असा नियम आहे की दीड वर्षात ग्राहकाने मुद्दलापेक्षा व्याज आणि चार्जेसच जास्त भरले असतील तर कंपनीने स्वतः त्याच्याशी संपर्क करून सांगायचं की हप्ता वाढवा. आमचं आणखी चार महिने तसंच चाललं असतं तर आम्ही अशा नियमात बसलो असतो. आम्हाला कुणीतरी फोन केला असता.

माझी एवढीच मागणी आहे की मिनिमम ड्यूच्या आकड्याच्या अगदी शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्या माणसाला किती महिने लागतील आणि एकूण किती भरावे लागतील हे दोन आकडे छापावेत, मराठीत मागितलं तर मराठीत. बँकेच्या कॉम्प्युटरला हा हिशोब अवघड नाही, बायकोने तो पेन्सिलने केला होता. आणि अॅपमध्ये पेमेंटचं बटण दाबलं की आधी टोटल ड्यू निवडलेलं यावं, मिनिमम हवं असेल त्याने मुद्दाम बदलावं. आपल्या वर्तमानपत्राने हा विषय लावून धरला तर बरं होईल, माझ्यासारख्या एकट्या वाचकाच्या ईमेलला एका बँकेने "आपला अभिप्राय नोंदवला आहे" एवढंच उत्तर पाठवलं.

सध्या कुणी त्या चक्रात अडकलं असेल तर लाजू नका, घरात सांगा. मी चौदा महिने बायकोपासून हे लपवलं नव्हतं पण नीट सांगितलंही नव्हतं, त्यातच वेळ गेला. कार्ड काही दिवस कपाटात ठेवा, नवीन खरेदी बंद करा, दोन-तीन कार्डं असतील तर ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी फेडा, बाकीच्यांचं मिनिमम चालू ठेवा. एकदम जमत नसेल तर बँकेशी बोलून थकबाकीचे हप्ते करून घ्या किंवा कमी व्याजाचं साधं पर्सनल लोन घेऊन कार्डाची थकबाकी फेडा, त्याचं व्याज कार्डापेक्षा बरंच कमी असतं. पण लोन घेऊन कार्डाची थकबाकी मिटली की त्यावर परत नवीन थकबाकी करायला सुरुवात करू नका, आमच्या ऑफिसातल्या एकाचं तसं होऊन दोन्ही कर्जं डोक्यावर बसली.

भाचीने नवीन वही आणलीय. पहिल्या पानावर तिने त्या ४१ महिन्यांचा हिशोब स्वतःच्या अक्षरात परत करून बघितला, माझा आकडा बरोबर आहे की नाही ते तपासायला. पुढचं स्टेटमेंट आलं की आमच्याकडे घेऊन येणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक