चोवीस व्होल्टच्या गाडीतून बारा व्होल्ट घेताना

संपादक महोदय,

मोठ्या ट्रक आणि बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट मिळवतात. म्युझिक सिस्टिम, कॅमेरे, छोटा फ्रिज मात्र बहुधा १२ व्होल्टचे. मग खालच्या (जिचा मायनस चॅसिसला जोडलेला असतो त्या) बॅटरीच्या प्लसवरून सरळ वायर ओढली जाते. ही पद्धत बंद झाली पाहिजे. अल्टरनेटर जोडीला मिळून साधारण २८ व्होल्ट देतो. लोड एकाच बॅटरीवर पडला, की ती १२.८ वर अडकते आणि दुसरीच्या वाट्याला १५.२ येतात. पहिली अर्धवट चार्ज राहून तिच्या प्लेटांवर सल्फेट धरते, दुसरीचे पाणी आटते. मालक बॅटरीला दोष देतो, नवी जोडी बसवतो. वायर मात्र तिथेच राहते.

योग्य मार्ग म्हणजे २४ व्होल्टचे १२ करून देणारा कन्व्हर्टर. पण तो बसवणाऱ्यांनीही खोक्यावरचा आकडा वाचून थांबू नये. ‘३० अँपिअर’ सतत की क्षणभर, हे आधी विचारावे. १३.८ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ४१४ वॉट. कार्यक्षमता ९४ टक्के असेल तर २६ वॉट उष्णता होते, ८५ टक्के असेल तर ७३. डॅशबोर्डमागे कोंडलेल्या जागेत हा फरक जीवघेणा ठरतो, कारण आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवून दाब स्थिर ठेवणाऱ्या भागाचे) आयुष्य तापमान दर दहा अंश वाढले, की जवळपास निम्मे होते. जुन्या पद्धतीचा लिनिअर ड्रॉपर तर विचारातही घेऊ नये: २८ मधले उरलेले व्होल्ट तो निव्वळ जाळतो, २० अँपिअरला तब्बल २८४ वॉट.

या कामाला दोन फेजचा सिंक्रोनस बक उत्तम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच वेगाने चालू-बंद करून दाब उतरवणाऱ्या दोन शाखा समांतर चालवणारा कन्व्हर्टर. २८ चे १४ करताना ड्युटी, म्हणजे स्विच चालू असण्याचा वाटा, निम्म्याजवळ येते. दोन फेज अर्ध्या चक्राच्या अंतराने चालवल्या, की त्यांचे रिपल (करंटमधले चढउतार) एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडतात. कपॅसिटर लहान लागतात आणि थंड राहतात. बॅटरीचा मायनस आणि चॅसिस एकच असल्याने आयसोलेशनची, म्हणजे इनपुट आणि आउटपुट विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवण्याची, गरज नाही. विजेवरच्या मोटारींच्या उच्चदाब बॅटरीसाठी ते अनिवार्यच.

पण बकचा एक धोका विक्रेते सांगत नाहीत. त्याचा वरचा (इनपुटकडचा) मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झाला, तर पूर्ण २८ व्होल्ट १२ व्होल्टच्या उपकरणांत घुसतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या रचनेत स्विच शॉर्ट झाला तर आउटपुट नुसते बंद पडते. म्हणून बक घेताना आउटपुटवर क्रोबार हे संरक्षक सर्किट हवेच: १६ व्होल्टच्या आसपास त्यातला एससीआर हा स्विच चालू होऊन आउटपुट शॉर्ट करतो आणि इनपुटचा फ्यूज उडवतो. क्रोबार नसेल तर कन्व्हर्टर स्वस्तातही घेऊ नये.

दुसरा प्रश्न लोड डंपचा. चार्जिंग जोरात चालू असताना बॅटरीचे सैल टर्मिनल सुटले, तर दाब उसळतो. आयएसओ १६७५०-२ या वाहनांतील विद्युत उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत २४ व्होल्टच्या, दाब रोखणारी सोय नसलेल्या गाडीसाठी हा आकडा १५१ ते २०२ व्होल्ट आहे, तोही १०० ते ३५० मिलिसेकंद. ६० व्होल्टचे मॉसफेट त्यात उडतात. १०० व्होल्टचे मॉसफेट आणि पुढे दणकट टीव्हीएस (दाबाची उसळी शोषणारा डायोड) किंवा इनपुट तोडणारे सर्किट हवे.

जोडणीत कन्व्हर्टर लोडजवळ ठेवावा. ३० अँपिअर आउटपुटला इनपुटवर १६च्या आसपास लागतात, त्यामुळे लांबचे अंतर २४ व्होल्टनेच कापावे. ३० अँपिअर तीन मीटरवर २.५ चौरस मिलिमीटर तांब्यातून नेले, तर जाऊन-येऊन सव्वा व्होल्टच्या वर गळतात. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी बसवावा, कन्व्हर्टरपाशी नव्हे. मधली वायर घासून बॉडीला लागली तर तोच वाचवतो. दोन कन्व्हर्टर समांतर जोडू नयेत. करंट सारखा वाटला जात नाही, एकच भार ओढतो आणि तापतो.

वाहतूकदार संघटनांनी आणि बॉडी बांधणाऱ्यांनी ऑर्डरवर सतत अँपिअर, क्रोबार आणि लोड डंप या तीन गोष्टी लिहून मागाव्यात. लोड थोडा वेळच पण मोठा असेल, तर बॅटरी इक्वलायझर (दोन बॅटऱ्यांचा दाब सारखा राखणारे उपकरण) परवडतो, कारण क्षणाचा भार बॅटरी पेलते आणि इक्वलायझरला फक्त सरासरी भरून काढायची असते. आणि इन्व्हर्टर चालवायचा असेल तर कन्व्हर्टर मध्ये घालूच नये. २४ व्होल्टचा इन्व्हर्टर बाजारात मिळतो, तोच जोडावा.

– वाहन-इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील एक अभियंता, पिंपरी-चिंचवड