पॅनोरमा छापता ते छानच, पण क्षितिज सरळ करून छापा

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्या पेपरात आजकाल वाचकांनी ड्रोननी काढलेले, बरेच फोटो जोडून केलेले लांबलचक पॅनोरमा येतात, फुटाळा, अंबाझरी, रामटेक, आणि आपले पोट्टे एवढी मेहनत घेतात ती छापून येते याचा मला खरंच आनंद आहे. पण त्यातल्या बऱ्याच फोटोत क्षितिज नागमोडी असतं नाहीतर जोडावर पायरी पडलेली असते, खिंडसीचं पाणी एका बाजूनं सांडेल की काय असं वाटतं. हे दुरुस्त होतं आणि एक पैसा न लागता होतं, म्हणून लिहितोय.

बरेच जण फोटो जोडून झाल्यावर रोटेट करत बसतात. ३६० डिग्रीच्या पॅनोरमात त्यानं काही होत नाही. अख्खा गोल २ डिग्री कलला असेल तर क्षितिज एका बाजूला २ डिग्री वर आणि बरोबर समोरच्या बाजूला २ डिग्री खाली जातं, सपाट पट्टीवर त्याची लाट होते, आणि लाट रोटेट केली की तिरपी लाट मिळते, बस. कल काढायचा तो जोडतानाच. हगिन हे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात एकाच फोटोत इमारतीच्या उभ्या कोपऱ्यावर वर एक आणि खाली एक असे दोन पॉइंट टाकायचे, त्यांना व्हर्टिकल लाइन म्हणून सांगायचं, मग ऑप्टिमाइझ करायचं, म्हणजे सॉफ्टवेअर त्या पॉइंटवरून फोटो सरळ बसवतं. पण हे चारही दिशांच्या फोटोत करा, एकाच दिशेला केलं तर दुसऱ्या बाजूचा कल तसाच राहतो. कोराडी वीजकेंद्राच्या चिमण्या लांबून दिसतात म्हणून मोह होतो, पण चिमणी वर निमुळती होत जाते, तिची कड ओळंब्यात नसते, बिल्डिंगचा कोपराच धरा.

क्षितिजावरच पॉइंट टाकले तर नाही का चालत? चालतं, दिसत असेल तर. १२० मीटरवरून क्षितिज जवळपास ३९ किलोमीटर लांब असतं, आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी जे दिसतं ती धुरकटाची कड असते, आणि रामटेककडे तर लोक डोंगराची रेघच क्षितिज धरून चालतात.

पायरीचं कारण वेगळं. दोन फोटो जोडायला दोन्हीत दिसणारे सारखे पॉइंट सॉफ्टवेअर आपोआप शोधतं, ते लाटांवर आणि ढगांवरही टाकतं, ते हलतात, सगळे डिलीट करा. जवळचे पण काढा. १०० मीटर उंचीवर ड्रोन वाऱ्यानं १ मीटर जरी सरकला तरी बरोबर खालचं झाड अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त हलतं, लांबचं क्षितिज हलत नाही, म्हणून क्षितिजाच्या ओळीतल्या फोटोंना लांबचेच पॉइंट हवेत.

आता तुमच्याकडे विनंती. फोटो मागवताना जोडलेल्या फोटोसोबत सुटे ओरिजिनल फोटोही मागवा, आणि बऱ्याच ड्रोनमधे ते सेव्ह होण्यासाठी सेटिंग आधी चालू करून ठेवावी लागते हे पण आवाहनात छापा. नुसता जोडलेला पूर्ण ३६० चा जेपीजी आला तर तुमच्या डेस्कवर लाट काढता येईल, तो एकच फोटो हगिनमधे घेऊन त्याच व्हर्टिकल लाइन टाकायच्या, पायरी मात्र सुट्या फोटोंशिवाय निघत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर