रक्त की परिस्थिती?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गुन्हेगार जन्मतो की घडतो, असं तू विचारलंस. एका शब्दात उत्तर दिलं तर ते खोटं ठरेल, म्हणून आकडेच मांडतो.

डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या 14,000 हून अधिक मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. जन्मदाते आणि दत्तक पालक, कोणालाच शिक्षा झालेली नसेल, तर 13.5 टक्के मुलगे पुढे दोषी ठरले. फक्त दत्तक पालक दोषी असतील तर 14.7 टक्के, फक्त जन्मदाते असतील तर 20, दोन्हीकडे असेल तर 24.5.

वरवर पाहता रक्तच जिंकलं. पण 20 टक्के म्हणजे उरलेले 80 टक्के कधी दोषी ठरलेच नाहीत, हे आधी ध्यानात घे. शिवाय हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, हिंसक गुन्ह्यांत नाही. खरी गोम पुढे आहे. मूल देण्याआधी घर पारखून घेतात. मारहाणीची, हलाखीची घरं तिथेच गळतात. एकसारख्या मातीत वेगवेगळं बियाणं पेरलं तर फरक बियाण्याचाच दिसणार!

आता दुसरी बाजू. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी शिकागोतली बालगुन्हेगारी नकाशावर मांडली. वस्तीतले लोक जाऊन दुसऱ्या देशांतून आलेले लोक राहू लागले, तरी तिथलं प्रमाण चढंच राहिलं. माणसं बदलूनही आकडा हलत नसेल, तर मूळ त्या जागेत शोधायला हवं. मात्र वस्तीचं प्रमाण एकेका मुलाच्या कपाळी चिकटवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. त्याच गल्लीतली कितीतरी मुलं कोर्टाची पायरीही चढत नाहीत.

फिलाडेल्फियात 1945 साली जन्मलेल्या 9,945 मुलग्यांचा माग काढला, तेव्हा 18 वर्षांचे होईपर्यंत एक तृतीयांशाहून अधिक मुलांची पोलिसांकडे नोंद झाली होती. त्यातले बरेच एकदाच सापडले आणि थांबले. निम्म्याहून जास्त गुन्हे मात्र फक्त 627 जणांच्या नावावर होते.

म्हणून कोणाबद्दल लिहिशील तेव्हा पहिला गुन्हा कितव्या वर्षी घडला आणि तो एकट्याने केला की टोळीने, एवढं आधी कळव. मित्रांच्या नादाने 14 व्या वर्षी चोरी करणारा मुलगा आणि पाचव्या वर्षापासून हात उगारणारा मुलगा, यांचं उत्तर मी एकच देणार नाही.

तुझा,
मित्र