छप्पर कापलेलं चित्र

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला चिनी फुला-पक्ष्यांच्या चित्रांवरचा लेख वाचला. लेख छान, पण सोबतच्या क्रौंच पक्ष्यांच्या चित्रावर कात्री चालली आहे. मजकुरात वीस क्रौंच म्हटलेत, छापलेल्या चित्रात अठराच भरतात. उरलेले दोघे राजवाड्याच्या महाद्वारावर, आढ्याच्या दोन टोकांना समोरासमोर उभे आहेत, आणि तुम्ही ते छप्परच उडवलंत! मी चित्रांना फ्रेमा करतो. 'खालचं काप की, कशाला हवंय?' हे गिऱ्हाइकांकडून रोज ऐकतो. वर्तमानपत्राकडून ही अपेक्षा नव्हती. अख्खं चित्र पुन्हा छापा.

चीनचा सम्राट ह्वीझोंग याच्या नावावरचं १११२ सालचं हे रेशमावरचं चित्र चीनमधल्या लिआओनिंगच्या प्रांतिक संग्रहालयात आहे. उंची ५१ सेंमी, रुंदी १३८. भिंती, दारं सगळी ढगांत बुडालेली, वर निघालंय ते नुसतं छप्पर. त्याच्या पट्टी लावून ओढल्यासारख्या रेघांमुळेच वरच्या पंखांची वळणं डोळ्यांत भरतात. शिवाय क्रौंचांचा हा शुभशकुन नेमका कुणाच्या दारी उतरला, हे दाखवायलाच तर सम्राटाने हा खटाटोप केला. शकुन काही फळला नाही. ११२७ मध्ये उत्तरेकडच्या जिन राज्याच्या सैन्याने राजधानी कैफेंग घेतली आणि त्याला कैद करून उत्तरेकडे नेलं.

आणखी एक. असल्या चित्रांत फुलांमागे दिसणाऱ्या भोकाभोकांच्या खडकाला लेखकाने 'निसर्गाची करणी' म्हटलंय. अर्धीच म्हणा. चीनमधल्या ताई सरोवरातला चुनखडीचा दगड पाण्याने झिजतो खरा, पण कारागीर त्याला छिन्नीने भोकं पाडून परत पाण्यात सोडत, हत्याराच्या खुणा बुजेपर्यंत. ह्वीझोंगच्या बागेसाठी असले धोंडे बोटींतून आणताना वाटेतले पूलसुद्धा पाडले गेले. पुढे कैफेंगला वेढा पडला तेव्हा तेच धोंडे फोडून शत्रूवर फेकायला वापरले. त्या खडकाकडे नुसती फुलांमागची शोभा म्हणून मला तरी बघवत नाही.

लेखमालेत पुढे चित्रकार बादा शानरेन (१६२६–१७०५) येणार असतील, तर आत्ताच सांगून ठेवतो. त्यांचा पक्षी बऱ्याचदा एका कोपऱ्यात डोळे वटारून बसलेला असतो आणि बाकी कागद कोराच. तो कोरा भाग जाहिरातीसाठी मोकळी जागा नव्हे.

— एक फ्रेमवाला वाचक