साहेब, केलेल्या सहीबद्दल आणि न केलेल्याही

प्रति,
आमच्या वॉर्डात जनभागीदारीच्या फायली पाहणारे (आता बदलून गेलेले) साहेब,
वडोदरा महानगरपालिका

सा. न. वि. वि.

आपली बदली झाली म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. आपण त्या खुर्चीवर असताना लिहिले असते तर त्याला पुढच्या फायलीचा वास आला असता. पेढ्यांचा डबा घेऊन खंडेराव मार्केटचे, म्हणजे महापालिकेच्या मुख्य कचेरीचे, जिने चढायची सोय आपण कोणाला ठेवली नव्हती, तेव्हा कागदच बरा.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहेरी विकास योजनेत खासगी सोसायट्यांसाठी जनभागीदारीचा भाग आहे. सोसायटीच्या आतला रस्ता, पेव्हर ब्लॉक, ड्रेनेज, पाण्याची लाइन, दिवे अशी कामे त्यात बसतात. खर्चाचे ७० टक्के राज्य सरकार देते, २० टक्के रहिवाशांनी भरायचे आणि १० टक्के महापालिकेचे. इथे नुसते '७०:२०:१०' म्हटले तरी समोरच्याला कळते.

लोकांनी आधी खिशात हात घालायचा आणि मग सरकारने, ही रीत बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या हाती वाचनालयांचे खाते सोपवले, तेव्हा हिशेब एक तृतीयांशाचा होता. गावाने वर्षाला शंभर रुपयांपर्यंत जमवले की तेवढेच प्रांत पंचायतीने द्यायचे आणि तेवढेच सरकारने. वर्गणी भरलेल्या माणसाला पुस्तक हरवले की राग येतो, ही त्यामागची साधी अक्कल. पेव्हर ब्लॉकच्या बाबतीतही ती तशीच लागू पडते.

आता मुद्द्याचे. महापालिकेत अशा कामांना मंजुरी द्यायचे अधिकार मुळात कमिशनरचे. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे ते खालच्या अधिकाऱ्याला वापरता येतात, पण त्यासाठी लेखी आदेश लागतो. आदेशात अटी आणि मर्यादा असतात, वापर कमिशनरच्या नियंत्रणाखाली होतो आणि घेतलेला निर्णय ते फिरवूही शकतात. थोडक्यात, अधिकार उसना. उसन्या वस्तूबाबत माणसे दोन प्रकारे चुकतात. काही जण ती वापरतच नाहीत. मर्यादेत बसणाऱ्या फायलीवरही 'योग्य आदेशार्थ सादर' असा शेरा मारून ती वर सरकवतात, कारण वर गेलेल्या फायलीचा ऑडिट पॅरा, म्हणजे हिशेबतपासणीतला आक्षेप, आपल्या नावावर पडत नाही. काही जण ती घरचीच समजतात.

आपण रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्याला मिळालेल्या अधिकाराच्या आदेशाची प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवलीत. अर्ज घेऊन आलेल्या कमिटीला बसल्या बसल्या वाचता येत होते की कोणत्या रकमेपर्यंत सही इथे होणार आणि कोणत्या रकमेनंतर फाइल वर जाणार. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये आपणहून जाहीर करायला सांगितलेच आहे. काचेखालच्या त्या एका कागदाने निम्म्या चकरा वाचल्या.

मर्यादेतल्या फायलीवर आपला शेरा कसा असे, तो इथे उतरवतो. आमच्याकडे त्याची प्रत आहे: 'सोपवलेल्या मर्यादेत. जागा पाहिली. सभेचा ठराव पान ६, हिस्सा भरल्याची पावती पान १४. ड्रेनेजचे काम आधी, नंतरच पेव्हर. मंजूर.' त्याखाली सही, तारीख, हुद्दा आणि कोणत्या आदेशान्वये हा अधिकार वापरला त्याचा क्रमांक. हा क्रमांक बहुतेक जण विसरतात. अधिकार उसना असला की तो कुठून आला हे सहीजवळच दिसले पाहिजे, नाही तर दोन वर्षांनी ऑडिटवाला विचारतो तेव्हा टेबलावर दुसराच माणूस बसलेला असतो.

न केलेल्या सह्यांपैकी एक सगळ्यांत मोठी. एकाच सोसायटीच्या तीन गल्ल्यांची तीन वेगळी अंदाजपत्रके आली होती. प्रत्येक मर्यादेच्या आत, तिन्ही मिळून मर्यादेच्या बाहेर. कमिटीचा हेतू वाईट नव्हता, त्यांना फक्त लवकर हवे होते. पण वरची मंजुरी टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडायचे नाहीत, हा सरकारी पैशाचा जुना नियम आहे. ठेकेदार एक, रस्ता सलग, ड्रेनेज एकाच चेंबरला उतरणारे. मग कामे तीन कशी? आपण तिन्ही फायली एकत्र शिवून वर पाठवल्यात आणि सोबत अर्ध्या पानाची टीप लिहिलीत की तांत्रिक बाबी तपासून झाल्या आहेत, फक्त रक्कम माझ्या हाताबाहेरची आहे. त्या टिपेमुळे वरच्या टेबलावर प्रश्न कमी निघाले. तुकडे पाडून एक महिना वाचला असता खरा, पण पुढे हरकत निघून बिल अडकले असते आणि अर्धा खणलेला रस्ता तसाच राहिला असता.

दुसरी फाइल आपल्या नात्यातले घर असलेल्या गल्लीची. ती आपण उघडलीसुद्धा नाहीत. 'या सोसायटीत माझे नातेवाईक राहतात' एवढी ओळ लिहून ती वर दिलीत. आपल्याला मिळालेला अधिकार स्वतःच शेजारच्या टेबलावर देऊन टाकणे हाही गैरप्रकारच झाला असता. उसना घेतलेला अधिकार पुन्हा उसना देता येत नाही; दुसऱ्याला तो द्यायचा तर ज्याचा आहे त्यानेच द्यायला हवा.

आणि नकार. सोसायटीची कमान, नावाची पाटी, मंदिरापुढचा ओटा, बाकडी अशा मागण्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात हळूच घुसवल्या जातात. तोंडी 'नाही होणार' म्हटले की माणूस नगरसेवकाकडे धावतो. आपण कोणती बाब कोणत्या कारणाने वगळली आणि ती वगळून अंदाजपत्रक किती होते, हे पत्राने कळवत होता. निर्णयाची कारणे बाधिताला सांगावीत, हेही माहिती अधिकाराच्या त्याच कलमात आहे. लेखी कारण हातात आले की भांडण आटोपते, कारण भांडायचे कशाशी ते ठरलेले असते.

आता रस्त्याबद्दल, कारण खरी किंमत तिथे कळते.

बडोद्यातल्या जुन्या टेनामेंटच्या (रांगेतल्या बैठ्या घरांच्या) सोसायट्यांत रस्त्यावर रस्ता चढत गेला आहे. डांबर, त्यावर डांबर, त्यावर पेव्हर. रस्ता वर आला, घराची जोती तिथेच राहिली. विश्वामित्री चढली की बातमी होते, पण घरात पाणी शिरायला नदीच लागते असे नाही; आषाढातली तासभराची सर पुरते. म्हणून जुना थर खरवडल्याशिवाय नवे काम नाही, ही अट आपण प्रत्येक मंजुरीत घातलीत. अंदाजपत्रकात खोदाई आणि राडारोडा उचलण्याची बाब नसेल तर फाइल परत. बाब न धरता काम सुरू झाले की ठेकेदार 'ते आमच्यात नाही' म्हणतो, आणि त्याचे म्हणणे कागदावर बरोबर असते.

जागा पाहायला आलात की सोबत गवंड्यांची पारदर्शक नळी असायची. एक टोक सर्वांत खालच्या घराच्या ओट्यापाशी, दुसरे ड्रेनेजच्या चेंबरच्या झाकणापाशी. दोन्हीकडचे पाणी स्थिरावले की खडूने रेघ, आणि रेघेपासून खाली टेपने मोजायचे. दोन मिनिटांत कळायचे की तयार पेव्हर ओट्याच्या किती खाली राहणार आणि पाणी चेंबरकडे जाणार की कोणाच्या फाटकात. तो आकडा आपण तिथेच फायलीवर लिहून कमिटीच्या दोघांची सही घेत होता. काम झाल्यावर त्याच रेघेवरून पुन्हा मोजणी. आमच्या मते आपण केलेल्या सगळ्या कामांत ही नळी पहिली.

ब्लॉकच्या जाडीचा घोळही आपण निस्तरलात. भारतीय मानक १५६५८ प्रमाणे हलक्या रहदारीला ६० मिलिमीटर जाडीचा, एम-३५ प्रतीचा ब्लॉक चालतो (एम पुढचा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा). मध्यम रहदारीला ८० मिलिमीटर आणि एम-४०. सोसायट्यांना वाटते जाड तो चांगला, आणि ठेकेदारालाही तेच सोयीचे. स्कूटर आणि दोन-चार मोटारी जाणाऱ्या गल्लीला ६० पुरे, मात्र पाण्याचा टँकर किंवा कचऱ्याचा मोठा ट्रक आत येत असेल तर त्या पट्ट्यात ८० हवा. ब्लॉक खचतात ते बहुधा खालच्या थरामुळे, ब्लॉक कमजोर असतो म्हणून नव्हे. रेतीचा थर २० ते ४० मिलिमीटरचाच असावा. खड्डे रेतीनेच भरून वर ब्लॉक बसवले की पहिल्या पावसात रेती सरकते आणि ब्लॉक डुगडुगतो. खड्डा खडीने भरून, दाबून घ्यायचा. रेती फक्त सपाटीला. कडेला किनारीचे दगड नसतील तर सगळी ओळ बाजूला फाकते. सांधे २ ते ४ मिलिमीटरचे ठेवून बारीक रेतीने भरायचे.

हिशेबात आपण दाखवलेली शिस्त इतर कमिट्यांना उपयोगी पडेल म्हणून नमुना देतो. गल्ली ३.५ मीटर रुंद, १४० मीटर लांब, म्हणजे ४९० चौरस मीटर. २०० गुणिले १०० मिलिमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला ५० लागतात. एकूण २४,५००, तूटफूट वेगळी. ३० मिलिमीटर रेती धरली तर सुमारे १४.७ घनमीटर. गाड्यांतून उतरलेला माल या आकड्यांशी ताडून पाहायला इंजिनिअर लागत नाही.

पैशांचे असे: समजा अंदाजपत्रक ९,६०,००० रुपये. सरकारचे ६,७२,०००, महापालिकेचे ९६,०००, रहिवाशांचे १,९२,०००. घरे ४८ तर प्रत्येकी ४,०००. इथे हमखास होते ते असे की पाच घरे भरत नाहीत. एक बंद, एक भाड्याने दिलेले, एकाचे कमिटीशी वाकडे. २०,००० कमी पडतात आणि काम अडते, कारण हिस्सा पुरा भरल्याशिवाय फाइल हलत नाही आणि वीस टक्क्यांचे अठरा करणे कोणाच्याच हातात नाही. आपण सुचवलेला तोडगा बिनखर्चाचा होता: सर्वसाधारण सभेच्या ठरावातच लिहून घ्या की तूट सोसायटीच्या फंडातून भरायची आणि नंतर त्या घरांकडून वसूल करायची. ठराव आधी, वर्गणी नंतर. उलट केले की ४३ घरांना प्रत्येकी ४६५ रुपये जास्त मागायची पाळी येते आणि मग तेही चिडतात.

दुसरी गोम टेंडरची. हिस्सा अंदाजपत्रकावर भरला जातो, खर्च टेंडरवर ठरतो. टेंडर दहा टक्के खाली आले तर त्याच कामाचा वीस टक्के हिस्सा १,७२,८०० होतो. उरलेले १९,२०० म्हणजे घरटी ४०० रुपये. हा फरक काम संपल्यावर कसा मिटवायचा, हे आपण मंजुरीच्या पत्रातच नमूद करत होता. खजिनदारावर संशय घ्यायला मग जागा उरली नाही. सोसायट्या फुटतात त्या चारशे रुपयांवरूनच, चार लाखांवरून नाही.

वेळापत्रकाबद्दलचे आपले सांगणेही खरे ठरते. अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा. ३१ मार्च जवळ आला की सगळ्यांच्या फायली एकदम येतात, मेअखेर काम आवरले नाही तर पावसात रेती वाहते, आणि मध्ये आचारसंहिता लागली तर वर्क ऑर्डर हातात असूनही जागेवर सुरू न झालेले काम थांबते. त्याआधी गॅस, पाणी आणि केबलवाल्यांना विचारून घ्यावे. नवा पेव्हर पहिल्या महिन्यात उखडला जातो तो बहुतेक कोणाच्या तरी राहून गेलेल्या जोडणीसाठीच.

आपल्या शेऱ्याचा नमुना, नळीची रीत आणि ठरावाचा मसुदा आम्ही आजूबाजूच्या सोसायट्यांना झेरॉक्स काढून दिला आहे. आपल्या जागी आलेल्या साहेबांकडे पहिली फाइल गेली, तिच्यात पान क्रमांक घातलेले आहेत.

आपण मंजूर केलेल्या गल्लीत यंदाच्या पावसानंतर पाहणी केली. चेंबरची झाकणे आणि ब्लॉक एका रेषेत आहेत, पाणी फाटकांकडे गेले नाही. कोपऱ्यावर टँकर वळतो तिथल्या सांध्यांतली रेती थोडी उतरली आहे. दोन गोणी मागवल्या आहेत, दिवाळीच्या आत भरून घेतो.

आपले,
सोसायट्यांच्या कमिट्यांचे काम पाहणारे काही मराठी रहिवासी, बडोदे